पसंतीक्रम कोणाचा?

बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांची पहिली पाने बातम्यांच्या हातून जाहिरातींच्या हाती जातात. हिरवळ, काचेच्या भिंती, पदवीचे झगे घातलेली हसरी मुले आणि खाली कोटी-कोटींच्या पगाराचे आकडे. याच दिवसांत शिक्षणतज्ज्ञांचे लेख येतात, व्याख्याने होतात आणि सर्वांचा सूर एकच असतो: विद्यार्थ्याने विचारपूर्वक विद्यापीठ निवडावे, आपली आवड ओळखावी, संस्थेची गुणवत्ता पारखावी. उपदेश वाईट नाही. परंतु तो ज्या मुलाला उद्देशून केलेला असतो, त्याच्यापुढे निवडीचे ताट खरोखरच वाढलेले आहे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. प्रवेश-अर्जात एक रकाना असतो, 'पसंतीक्रम'. त्या रकान्यात जे क्रमांक पडतात ते मुलाच्या हाताने पडतात हे खरे. ते त्याच्या मनाने पडतात का, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

केंद्र सरकारने २०१६ पासून शिक्षणसंस्थांची क्रमवारी लावण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्यांना निवड करणे सोपे जावे, हा तिचा एक उद्देश सांगितला गेला. या क्रमवारीत विद्यापीठांना १०० पैकी जे गुण मिळतात, त्यांतील ३० अध्यापनाच्या साधनांना, ३० संशोधनाला, २० पदवीनंतरच्या फलिताला आणि १० प्रतिमेला, म्हणजे जाणकारांच्या मनात संस्थेचे जे नाव आहे त्याला. उरलेले १० गुण स्त्रिया, मागास व दुर्बल घटक, परप्रांतीय आणि अपंग विद्यार्थी यांना संस्थेने किती सामावून घेतले यासाठी. ज्या देशात २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार उच्च शिक्षणात नोंद झालेल्यांचे प्रमाण त्या वयोगटाच्या जेमतेम २८ टक्के आहे, त्या देशात दार किती उघडे आहे या प्रश्नाची किंमत शंभरात दहा! पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ २०२४ मध्ये विद्यापीठांच्या यादीत तेविसावे होते, २०२५ मध्ये ते छप्पन्नाव्या स्थानी उतरले. त्यावर अग्रलेख झाले, अधिसभेत वादंग झाले. पण अकोल्याच्या किंवा परांड्याच्या मुलाने या घसरणीमुळे आपला बेत बदलला असेल, असे आम्हांस वाटत नाही. त्याच्या हिशेबात ती यादी मुळात नव्हतीच.

मूल्यांकन परिषदेच्या श्रेणींचेही तेच. 'अ' श्रेणीचे फलक आज गावोगावच्या महाविद्यालयांच्या कमानींवर लागलेले दिसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये या परिषदेच्या एका पाहणी समितीवरील सदस्यांनाच लाच घेऊन श्रेणी दिल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. तथापि पालक ज्या अक्षरावर विश्वास ठेवून घरचे दागिने गहाण टाकतात, त्या अक्षराची ही अवस्था असेल तर 'गुणवत्ता पारखा' या उपदेशाला अर्थ तो काय उरला?

वस्तुतः महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठ निवडीतच नाहीत. ते महाविद्यालय निवडतात आणि विद्यापीठ त्यांच्या पदरी आपोआप पडते. आपली विद्यापीठे संलग्नतेच्या पद्धतीवर उभी आहेत. प्रत्येकाचे कार्यक्षेत्र कायद्याने आखलेले. जिल्हा कोणता यावर पदवीवरचे नाव ठरते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले, १९२३ मध्ये नागपूर, १९४९ मध्ये पुणे, १९५८ मध्ये मराठवाडा, १९६२ मध्ये शिवाजी, पुढे अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, आणि २०११ मध्ये गडचिरोलीचे गोंडवाना. ही केवळ सनावळी नव्हे. यांतील प्रत्येक विद्यापीठ त्या त्या भागातील लोकांनी मागून घेतलेले आहे आणि त्या मागणीच्या मुळाशी एकच साधी गोष्ट होती. विद्यापीठ जवळ आले की मूल शिकते, दूर राहिले की शिकत नाही. सिरोंच्याहून गडचिरोली गाठायचे तरी दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. पूर्वी तर त्याच्याही पुढे नागपूर होते.

मराठवाड्याचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. १९५८ पूर्वी या भागाचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठाच प्रयोग केला, हे मान्य केले पाहिजे. पण ती भाषा उर्दू होती आणि मराठी शेतकऱ्याच्या मुलाला ती गावच्या ओढ्याइतकी सहज ओलांडता येण्यासारखी नव्हती. अशा प्रदेशात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय काढले. त्यालाच पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले. मुंबई-पुण्यात चांगली महाविद्यालये आहेत, गुणवंतांनी तेथे जावे, असे म्हणून त्यांना थांबता आले असते. त्यांनी ज्ञान विद्यार्थ्याच्या दारी नेले. आणि मिलिंदमध्ये शिकलेल्या पहिल्या पिढीतून पुढे दलित साहित्याची आणि चळवळीची केवढी मोठी फळी उभी राहिली, हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही.

त्याही आधी अर्धशतक, १९०१ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांची मालिका सुरू केली. महाविद्यालय होते, राजाराम कॉलेज, आणि ते उत्तम होते. खेड्यातील मुले तेथे येत नव्हती याचे कारण त्यांना राजाराम कॉलेजची कीर्ती ठाऊक नव्हती, हे नव्हे. शहरात त्यांना भाकरी आणि अंथरूण देणारे कोणी नव्हते. महाराजांनी नेमके तेथे बोट ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा जिल्ह्यात तेच केले. मुलाने कोठे शिकायचे हे ठरते ते तो कोठे झोपणार आणि काय खाणार यावरून, हे या दोघांना कोणत्याही पाहणीवाचून उमगले होते.

आजचे चित्र काय? शासकीय वसतिगृहांत अर्ज करणारे अधिक आणि खोल्या थोड्या. ज्यांना जागा मिळत नाही अशा अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाने २०१६-१७ पासून 'स्वाधार' योजना आणली. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी तीत वर्षाला ६०,००० रुपये ठरले. भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. योजना चांगलीच आहे आणि ती अनेकांना उपयोगी पडली. पण वाचकांनी जरा भागाकार करून पाहावा. निवासाचे २०,००० म्हणजे दरमहा १,६६७ रुपये. इतक्या भाड्यात पुण्यात खोली सोडाच, चौघांच्या खोलीतील एक खाट तरी मिळते काय? भोजनाचा भत्ता दिवसाला ८८ रुपयांच्या आत येतो. सात वर्षांनी, २०२३ मध्ये, इतर मागास वर्गांच्या विद्यार्थ्यांसाठी 'आधार' योजना आली तीही त्याच ६०,००० च्या आकड्यावर, जणू मधल्या काळात पेठांतील भाडी आणि खानावळींचे दर गोठून राहिले होते. शिवाय ही रक्कम महिन्याच्या एक तारखेला हाती पडत नाही. ती केव्हा येईल याचा भरवसा नसतो आणि घरमालक शासन निर्णयाची वाट पाहत नाही. मग परभणीचा मुलगा परभणीतच राहतो. त्याच्या अर्जावर पहिला पसंतीक्रम परभणीच्या महाविद्यालयाचा असतो आणि पाहणीकार नोंद करतो की विद्यार्थ्यांचा कल स्थानिक संस्थेकडे आहे.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी संस्था १९५५ पासून खेड्यांतून आलेल्या मुलांना आसरा देत आली. अशा कामांविषयी आम्हांस अत्यंत आदर आहे. परंतु समाजाच्या सद्भावनेने शासनाचे कर्तव्य भागत नसते.

मुलींच्या बाबतीत या अडचणीला आणखी एक पदर आहे, तो एस.टी.चा. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. बारावी झाली की तो संपतो. म्हणजे ज्या वर्षी महाविद्यालय तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या गावी जाते, अंतर वाढते, नेमक्या त्याच वर्षी प्रवास विकत घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासात भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. हा तिसरा हिस्सा शहरी माणसाला नगण्य वाटेल, ज्या घरी दोन मुली शिकताहेत तेथे तो वाटत नाही. मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला, तो निर्णय स्वागतार्हच. पण भाड्याइतकीच गाडीची वेळही महत्त्वाची. प्रात्यक्षिकाचा तास पाचला सुटतो आणि गावची शेवटची गाडी साडेचारला निघते, तेव्हा ती मुलगी विज्ञानशाखा सोडते आणि कला शाखेत नाव घालते. घरचे म्हणतात, पोरीला कलेचीच आवड. ऑक्टोबर २०२१ अखेर सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप पुढील एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी खरी होती. पण त्या सहा महिन्यांत खेड्यापाड्यांतील किती मुलींचे महाविद्यालय कायमचे सुटले याची मोजदाद ना महामंडळाने केली ना विद्यापीठांनी. एस.टी.चे वेळापत्रक हेही शिक्षणाचे धोरण असते, ही गोष्ट मंत्रालयात पोचलेली दिसत नाही.

आता शुल्काकडे वळू. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामागे एक सबब होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती: मराठी मुले लाखोंची देणगी घेऊन कर्नाटकात जात होती, तो पैसा राज्यात राहावा. पैसा राज्यात राहिला, तो कोणाकडे राहिला हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. साखर कारखान्याशेजारी महाविद्यालय आणि महाविद्यालयाशेजारी बँक, असे एक नवे संस्थान प्रत्येक जिल्ह्यात उभे राहिले. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत रूढ झाला. १९८७ मध्ये देणगीबंदीचा कायदा करावा लागला, १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जागांची व शुल्काची चौकट घालून दिली, २००२ मध्ये पै प्रतिष्ठानच्या खटल्यात तीच चौकट मोडीत काढली. २०१५ च्या कायद्याने राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आले. चाळीस वर्षांची ही ओढाताण मुलाच्या घरी एकाच वाक्यात पोचते: तेवढे आपल्याला परवडायचे नाही.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. या निर्णयाचे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. पण त्याच निर्णयात दोन वगळण्या आहेत. अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठे त्यातून बाहेर आणि व्यवस्थापनाच्या कोट्यातील प्रवेशही बाहेर. शासनाचा पैसा वाटेल ते शुल्क लावणाऱ्यांच्या घशात जाऊ नये, हे त्यामागचे कारण आम्हांस मान्य आहे. तरी परिणाम पाहा. पहिल्या पानावर जाहिरात येते ती बहुधा याच वगळलेल्या विद्यापीठांची. जाहिरातीत 'शिष्यवृत्ती उपलब्ध' असे शब्द असतात. ती शिष्यवृत्ती संस्थेची स्वतःची आणि शुल्काच्या एखाद्या हिश्श्यापुरती असू शकते, शासनाची माफी तेथे लागू नाही, हे बारीक अक्षरातही छापलेले नसते. ज्या घरात या दोहोंतला फरक सांगणारे कोणी आहे ती मुलगी वाचते. ज्या घरात नाही, तेथे प्रवेश घेतल्यावर, पहिला हप्ता भरल्यावर, तो कळतो.

येथे खरे मर्म आहे. विद्यार्थी विद्यापीठ निवडतो ते माहितीपत्रक वाचून नव्हे, माणसावर विश्वास ठेवून. आळीतला कोणी एक मुलगा दोन वर्षांपूर्वी जेथे गेला, तेथे पुढची चार मुले जातात. मामा ज्या शहरात हमाली करतो किंवा पोलिसात आहे, ते शहर पसंतीत वर येते. वरच्या जातींत आणि वर्गांत असे माहितगार मामा-काका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या मुलांना संस्थांची नावे, प्रवेश-परीक्षांची गणिते, कोणत्या शाखेला पुढे कोणता रस्ता फुटतो, हे सारे जेवणाच्या पाटावर मिळते. पहिल्यांदाच पदवीकडे निघालेल्या मुलाच्या वाट्याला हे वतन आलेले नसते. ही पोकळी रिकामी राहत नाही, तेथे दलाल येतो. खाजगी शिकवणीवाला येतो, ज्याचे कोणत्या तरी संस्थेशी साटेलोटे असते. विनाअनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांना 'इतके प्रवेश आणा' असे उद्दिष्ट देऊन उन्हाळ्यात गावोगाव पिटाळले जाते, हे गुपित राहिलेले नाही. ज्याने वर्गात शिकवावे तो दारोदार फिरतो, कारण त्याची नोकरी त्यावर अवलंबून असते. त्या प्राध्यापकाचीही आम्हांस कीवच येते.

यावर काही मित्र म्हणतात, तुमचा सारा रोख खाजगीवर, पण सरकारी विद्यापीठांत तरी काय ठेवले आहे? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा घाईचा प्रयोग केला, निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढील प्रवेश हुकले आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर, म्हणजे रोजंदारीवर, शिकवणे चालते. पुण्याच्या घसरणीच्या चर्चेतही रिक्त पदांचा मुद्दा पुढे आलाच. ज्याला शक्य आहे तो अशा ठिकाणाहून निघून जाईल, यात नवल नाही आणि त्याला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण आपल्याकडे क्रम कसा लागला तो पाहावा. आधी पदे भरायची नाहीत, मग विद्यापीठ ढासळले असे म्हणायचे, मग ढासळले म्हणून मुले जातात आणि मुले जातात म्हणून अनुदान कशाला, असा सवाल करायचा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्चावेत अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तोच सहाचा आकडा पुन्हा ध्येय म्हणून छापलेला आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या मातीतले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सचिव होते. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा त्रिकोण आपल्याला साधत नाही, हे त्यांनी १९७५ मध्येच पुस्तक लिहून बजावले होते.

बाजाराचे भक्त सांगतात की स्पर्धेने वाईट संस्था बंद पडतील आणि चांगल्या तगतील. अभियांत्रिकीची कित्येक महाविद्यालये गेल्या काही वर्षांत खरोखरच बंद पडली. बंद पडण्यात आडबाजूची बरीच होती आणि तेथील दोन वर्षे झालेली मुले कोठे गेली याचा हिशेब बाजार ठेवीत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशातील ७०-३० ची प्रादेशिक विभागणी रद्द झाली तेव्हा मराठवाड्यात आनंद झाला, कारण तेथे महाविद्यालये थोडी आणि गुणवान मुले पुष्कळ. नियमाची एक ओळ बदलली आणि हजारो मुलांचा पसंतीक्रम एका रात्रीत बदलला. आवड तीच, गुण तेच. यावरून 'निवड' या शब्दात नियम करणाऱ्यांचा वाटा किती, हे ध्यानी यावे.

तेव्हा विधिमंडळातील आपल्या प्रतिनिधींनी पुढील अधिवेशनात मागण्या मोघम ठेवू नयेत. निवासभत्ता शहराच्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडा आणि त्याचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबर द्या. मुलींचा मोफत पास पदवीपर्यंत न्या. प्रत्येक महाविद्यालयाने मंजूर पदे किती, भरलेली किती, एकूण खर्च किती, शासनाची शुल्कमाफी लागू आहे की नाही, एवढी चार कलमे मराठीत, प्रवेशद्वारावर आणि जाहिरातीत, छापलीच पाहिजेत असा नियम करा. यांपैकी शेवटच्या मागणीला तर खजिन्यातून एक पैसाही लागत नाही.

आणि कार्यकर्त्यांनी अधिवेशनाची वाट पाहू नये. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर अशा कागदांसाठी जून-जुलैत तहसील कचेरीबाहेर जी रांग लागते, तिच्याशेजारी एक टेबल, दोन खुर्च्या आणि इंटरनेट असलेला एक फोन एवढे भांडवल पुरेसे आहे. केंद्रीभूत प्रवेशात पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, नाकारल्यास पुढच्या फेऱ्यांतून नाव जाते. ही एक गोष्ट वेळेवर न कळल्याने अनेकांचे वर्ष वाया जाते. पसंतीक्रम भरण्यापूर्वी ती मुलाला सांगणारा माणूस त्या टेबलापाशी बसलेला असावा. तालुक्यातून आजवर जी मुले बाहेर शिकायला गेली त्यांची नावे, शहर आणि संस्था एका वहीत उतरवून, त्यांची संमती घेऊन, ती वही टेबलावर ठेवावी, म्हणजे ज्याला शहरात मामा नाही त्याला निदान एक गाववाला सापडेल. दाखल्यांचे अर्ज निकालानंतर नव्हे, फेब्रुवारीतच, परीक्षेपूर्वी भरून घ्यावेत. ज्या तालुक्यांत हे काम सुरू होईल तेथील साथींनी किती अर्ज भरले, किती दाखले अडले आणि कोणत्या कचेरीत अडले, हे या पत्त्यावर ऑगस्टअखेर लिहून कळवावे. ते आकडे आम्ही छापू.